प्रार्थनेत देवाचे ऐकायचे म्हणजे नेमके काय करायचे?

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

‘मुलगा ऐकत नाही’ असे आई म्हणते तेव्हा मुलाच्या कानात दोष आहे असे कोणी समजत नाही. सांगितलेले तो करत नाही, एवढाच त्याचा अर्थ. जुन्या कराराच्या हिब्रू भाषेतही तसेच आहे. ‘शमा’ या एका क्रियापदात कानाने ऐकणे आणि सांगितल्याप्रमाणे वागणे असे दोन्ही अर्थ सामावलेले आहेत, आणि ‘हे इस्राएला, ऐक’ ही अनुवाद या पुस्तकातली हाक (६:४) त्याच क्रियापदाने सुरू होते. ख्रिस्ती प्रार्थनेत देवाचे ऐकण्याविषयी जे गैरसमज आहेत, त्यांतले बरेचसे हे दोन अर्थ एकमेकांपासून तोडल्यामुळे झाले आहेत, असे प्रार्थनावर्ग घेणाऱ्या आम्हा मंडळींचे मत आहे. त्याविषयी थोडे सविस्तर लिहायचे आहे.

एरवीची आपली प्रार्थना कशी चालते ते पाहा. आभार, पापांची कबुली, आजाऱ्यांची नावे, परीक्षा, नोकरी, घरातले प्रश्न, मग ‘येशूच्या नावाने मागतो, आमेन’ आणि लगेच डोळे उघडून माणूस उठतो. पंधरा मिनिटांतली पंधराही मिनिटे आपणच बोललेलो असतो. मागण्यात काही चूक नाही. ‘मागा म्हणजे तुम्हाला मिळेल’ हे खुद्द प्रभूचेच शब्द आहेत. पण समोरच्याने काही म्हणायला जागाच ठेवली नाही, तर त्याला संभाषण कसे म्हणायचे? याच्या अगदी उलट टोकाला काही जण असतात. त्यांच्याशी देव रोज, प्रत्येक बारीकसारीक गोष्टीवर बोलतो असे ते छातीठोकपणे सांगतात. त्यांचे ऐकून साधा विश्वासणारा दबून जातो. ‘मला तर कधीच काही ऐकू आले नाही, म्हणजे माझाच विश्वास कमी’ असे मनाशी धरून तो पुन्हा आपल्या यादीकडे वळतो. हे नुकसान फार मोठे आहे आणि ते टाळता येते.

पहिली गोष्ट, कानावर आवाज पडणे म्हणजे ऐकणे असे पवित्र शास्त्र कुठेही म्हणत नाही. तसे प्रसंग आहेत, पण ते मोजके आहेत. शमुवेलाची गोष्ट (१ शमुवेल ३) सगळ्यांना ठाऊक असते. मात्र तिच्यातला एक तपशील सहसा निसटतो. हाक प्रत्यक्ष कानावर पडली तरी ती कोणाची हे शमुवेलाला तीन वेळा कळले नाही, तो उठून एली याजकाकडेच धावत गेला. हाक देवाची आहे हे ओळखले ते म्हाताऱ्या, दृष्टी मंदावलेल्या एलीने. चौथ्या वेळी ‘बोल, तुझा दास ऐकत आहे’ असे मुलगा म्हणाला ते शिकवल्यामुळे. म्हणजे ऐकणे शिकावे लागते, आणि ते शिकवायला माणूस लागतो. मिळालेला निरोपही गोड नव्हता. ज्याने शिकवले त्याच्याच घराण्याचा न्याय होणार, असा तो होता, आणि तो सांगायला शमुवेल घाबरला होता. आपल्याला मिळालेला प्रत्येक ‘संदेश’ आपल्याच सोयीचा निघत असेल, तर इथे थांबून विचार करावा.

दुसरा प्रसंग एलीया संदेष्ट्याचा (१ राजे १९). सोसाट्याचा वारा, भूकंप, अग्नी, आणि शेवटी शांत, मंद वाणी. यावर प्रवचने पुष्कळ होतात. त्याआधीचा भाग आम्हाला तितकाच महत्त्वाचा वाटतो. एलीया थकून, मरण मागून झाडाखाली झोपला होता. देवदूताने त्याला उठवून खायला दिले, तो पुन्हा झोपला, पुन्हा उठवून खायला दिले. मगच होरेब डोंगराची वाट. पेंगुळलेल्या, उपाशी, रात्रपाळी करून आलेल्या माणसाने आधी जेवावे, झोपावे. थकल्या शरीराला ताणत बसवून ‘देव बोलत नाही’ असा निष्कर्ष काढणे हा स्वतःवर अन्याय आहे.

आता प्रत्यक्ष पद्धत. जी सांगत आहोत ती आमची नाही. मठवासीयांमध्ये ती शतकानुशतके चालत आली. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठांसाठी जी नियमावली लिहिली, तिचा पहिलाच शब्द ‘ऐक’ असा आहे. बाराव्या शतकात कार्थुसियन या मठवासी संघाचा मठाधिपती दुसरा गुइगो याने वाचन, मनन, प्रार्थना आणि देवापुढे निवांत राहणे अशा चार पायऱ्या मांडल्या. कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट दोघांनाही ती सारखीच उपयोगी आहे, कारण तिचा पाया शास्त्रवाचन हा आहे.

वीस मिनिटे पुरतात. नवख्याने यापेक्षा जास्त घेऊ नयेत. तासाभराचा संकल्प आठवड्यात मोडतो. जागा आणि वेळ रोज तीच ठेवा. ताठ पाठीची खुर्ची, पाय जमिनीवर. बिछान्यात बसून नको. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा, नुसता आवाज बंद करून शेजारी ठेवलेला चालत नाही, कारण हात आपोआप तिकडे जातो. म्हणून बायबलही छापीलच घ्या. भक्तिगीते लावू नका. ती उपासनेला चांगली, पण इथे सुरांनी भरून आलेले मन आणि देवाने हलवलेले मन यांतला फरक कळेनासा होतो. जवळ वही, पेन आणि एक कोरी चिठ्ठी असू द्या.

पहिली दोन मिनिटे नुसते बसा, श्वास सावकाश होऊ द्या आणि एकच वाक्य म्हणा, शमुवेलाचेच चालेल. मग आदल्या रात्री ठरवून ठेवलेला उतारा वाचा, सहा ते दहा वचने, जास्त नाही. सुरुवात मार्कच्या शुभवर्तमानापासून किंवा स्तोत्रांपासून करावी. वंशावळी आणि प्रकटीकरण नंतर. पहिले वाचन मनात, प्रसंग काय आहे एवढे समजण्यापुरते. दुसरे मोठ्याने आणि निम्म्या वेगाने. एखादा शब्द किंवा वाक्य अडकले की तिथे थांबा, पुढचे राहिले तरी चालेल.

उदाहरणादाखल मार्क १०:४६ ते ५२ ही सात वचने घेऊ. आंधळा बार्तीमय वाटेच्या कडेला भीक मागत बसला आहे. येशू जात आहे हे कळताच तो ओरडतो. लोक त्याला गप्प बसवतात, तो अधिकच ओरडतो. मग दोनच शब्द येतात: ‘येशू थांबला’. एवढ्या गर्दीतून, यरुशलेमच्या वाटेवर, तो थांबला. बार्तीमय आपले वस्त्र टाकून उठतो, आणि येशू त्याला विचारतो, ‘मी तुझ्यासाठी काय करावे अशी तुझी इच्छा आहे?’ आता मागे जाऊन त्याच अध्यायातले ३६ वे वचन पाहा. याकोब आणि योहान या आपल्या शिष्यांनाही येशूने हाच प्रश्न विचारला होता. त्यांनी वैभवातली उजवीडावीकडची आसने मागितली. आंधळ्याने दृष्टी मागितली. हे लक्षात आल्यावर तिसऱ्यांदा वाचताना तो प्रश्न तुमच्याकडे वळतो. उत्तर घाईने देऊ नका. पहिले उत्तर बहुधा शोभेचे असते (‘प्रभू, मला तुझी इच्छा हवी’), दुसरे नेहमीच्या यादीतले, आणि तिसरे खरे. ते कधी कधी लाजिरवाणे निघते: मला बरोबरच्या माणसापेक्षा वरची जागा हवी आहे. तेच देवाला सांगा. तीन-चार मिनिटे साध्या बोलीत बोला.

मग गप्प बसा. पाच मिनिटे. संपूर्ण पद्धतीतला हा सर्वांत अवघड भाग. पहिल्या मिनिटातच गॅस बंद केला का, फी कधी भरायची, काल कोण काय बोलले, हे सगळे येणार. आले म्हणून बिघडत नाही. ज्या कामाची आठवण खरोखर महत्त्वाची आहे ती चिठ्ठीवर एका शब्दात लिहून टाका, म्हणजे मन ती पुन्हा पुन्हा समोर आणत नाही. बाकीच्यांशी भांडत बसू नका, त्यांचा पाठलागही करू नका; अडकलेला तो शब्द, ‘थांबला’ असेल तर ‘थांबला’, एकदा हळू म्हणा आणि परत या. पाच मिनिटांत वीस वेळा परत यावे लागले तर वीस वेळा परत येणे हीच त्या दिवसाची प्रार्थना. एखादा विचार पुन्हा पुन्हा येत असेल, विशेषतः एखाद्या माणसाचा, तर त्याला व्यत्यय समजून ढकलू नका. त्याच्याविषयी देवाला विचारा.

शेवटची दोन-तीन मिनिटे लिहिण्याची. तारीख, उतारा, अडकलेला शब्द, आणि आज करायची एक लहान गोष्ट. ‘अधिक प्रेमळ व्हायचे’ असे लिहू नका, ते कोणालाच करता येत नाही. ‘संध्याकाळी भावाला फोन करायचा’ हे करता येते. दुसऱ्या दिवशी बसल्यावर आधी कालची ओळ पाहा: केले की नाही? ‘ऐकणे’चा दुसरा अर्थ इथे येतो. कालचे राहिले असेल तर नवे काही ऐकू येत नाही अशी तक्रार करू नये. आधी तो फोन करावा.

चुका कुठे होतात तेही सांगायला हवे. सर्वांत जुनी चूक म्हणजे डोळे मिटून बायबल उघडायचे आणि बोट पडेल ते वचन ‘आजचा संदेश’ म्हणून घ्यायचे. मागचापुढचा संदर्भ तोडला की कोणतेही वचन काहीही बोलू लागते. अरण्यातल्या परीक्षेत सैतानानेही येशूला ९१ व्या स्तोत्रातले वचनच ऐकवले होते, आणि येशूने त्याला उत्तर दिले ते दुसऱ्या वचनाने. शास्त्राचा अर्थ शास्त्रानेच लावायचा असतो, म्हणून उतारे क्रमाने वाचावेत.

दुसरी चूक अधिक सूक्ष्म असते: आपलीच इच्छा देवाच्या आवाजात ऐकू येणे. यावर जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांचा अनुभव फार उपयोगी आहे. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्यांचा पाय मोडला. अंथरुणावर पडल्यापडल्या ते कधी शौर्याची आणि मानसन्मानाची स्वप्ने रंगवत, तर कधी संतांसारखे जगण्याची. दोन्ही विचार येत असताना सुखच वाटे. फरक मागाहून कळे: पहिल्या विचारानंतर मन कोरडे आणि असमाधानी राही, दुसऱ्यानंतर आनंद टिके. यावरून घ्यायचे ते असे की विचार आला त्या क्षणीच्या उत्साहावर जाऊ नका. दोन तासांनी, दोन दिवसांनी मनात काय उरले ते पाहा. घाई, धडधड, ‘आत्ताच, नाहीतर कधीच नाही’ अशी ओढ असेल तर थांबा. स्वतःला प्रामाणिकपणे विचारा: देवाने याच्या नेमके उलट सांगितले असते तर मी ऐकले असते का? उत्तर ‘नाही’ असेल, तर अजून आपण ऐकायला बसलेलोच नाही.

तिसरी चूक दोष देणाऱ्या आवाजाविषयी. ‘तू कुचकामी आहेस, तुझे काही होणार नाही’ असा मोघम, अंधारात लोटणारा आवाज पुष्कळांना देवाचा वाटतो. पवित्र आत्मा पापाची जाणीव करून देतो तेव्हा नेमके बोट ठेवतो: काल अमुक माणसाशी तू खोटे बोललास. आणि जाणिवेबरोबर वाटही दाखवतो: जा, माफी माग. पहिला आवाज माणसाला लपायला लावतो, दुसरा उठून चालायला लावतो.

आणि काहीच जाणवले नाही तर? आठवडेच्या आठवडे तसे जातात. त्यात कोणाचे काही चुकलेच असेल असे नाही. अशा कोरड्या काळासाठी इग्नेशियसचे दोन नियम पाठ असावेत. मन प्रसन्न असताना केलेला संकल्प कोरड्या काळात बदलू नये. आणि प्रार्थना अर्ध्यावर टाकून उठावेसे वाटले तर ठरल्या वेळेपेक्षा थोडे जास्तच बसावे, एखाद मिनिट का होईना. गेथशेमाने बागेत येशूने तीन वेळा तेच शब्द उच्चारून प्रार्थना केली, आणि कोणताही आवाज आल्याचे मत्तयाने लिहिलेले नाही. तो उठला आणि पुढे गेला, एवढेच लिहिले आहे.

आता पारख. प्रेषित पौल थेस्सलनीकाच्या मंडळीला एका दमात सांगतो: आत्म्याला विझवू नका, संदेशांचा धिक्कार करू नका, सर्व गोष्टींची पारख करा, चांगले ते बळकट धरा. पारख करणे हा अविश्वास नव्हे, ती आज्ञा आहे. जे ऐकले ते शास्त्राच्या एकंदर शिकवणीशी जुळते का? पौलाने गलतीकरांस पत्रात (५:२२-२३) सांगितलेल्या नऊ फळांपैकी, प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता यांपैकी काही वाढते की राग आणि अहंकार वाढतो? ज्यांना आपल्या निर्णयातून काही मिळवायचे नाही अशा दोन प्रौढ विश्वासणाऱ्यांना ते पटते का? प्रेषितांच्या कृत्यांत (१६:९-१०) मासेदोनियाच्या माणसाचा दृष्टान्त एकट्या पौलाला झाला, पण त्याचा अर्थ ‘आम्ही’ काढला असे लूक लिहितो. दृष्टान्त एकाचा, निष्कर्ष सगळ्यांचा. मोठ्या निर्णयाला, म्हणजे लग्न, नोकरी सोडणे, घर विकणे, एवढी पारख होईपर्यंत हात घालू नये. रोजच्या लहान आज्ञापालनाला, कोणाला भेटणे, देणे, क्षमा मागणे, इतकी चिकित्सा लागत नाही. ते त्याच दिवशी करावे.

स्पेनमधल्या आविलाच्या जोगीण संत तेरेजाने (१५१५ ते १५८२) अंतरात ऐकू येणाऱ्या शब्दांच्या खुणा सांगून ठेवल्या आहेत: त्या शब्दांत सामर्थ्य असते, म्हणजे ‘भिऊ नको’ म्हटले की भीती खरोखर जाते, मागे शांती राहते, आणि ते शब्द स्मरणातून लवकर पुसले जात नाहीत. तिचाच सहकारी, क्रुसाचा संत योहान, याहून कडक होता. देवाला जे सांगायचे ते त्याने पुत्रामध्ये सांगून टाकले आहे, तेव्हा वेगळे आवाज आणि दृष्टान्त यांच्या मागे लागू नका, असे त्याचे म्हणणे. दोघांत निवड करायचीच तर नवख्याने योहानाचे ऐकावे.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहायलाच हवी. ‘देवाने मला तुझ्याविषयी सांगितले आहे’ हे वाक्य दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवलेले ओझे असते. समोरचा नाही म्हणाला तर तो माणसाला नव्हे, देवाला नाही म्हणतो आहे असे त्याला वाटू लागते. लग्नासाठी, देणगीसाठी, पदासाठी हे वाक्य वापरणे हा देवाचे नाव व्यर्थ घेण्याचाच प्रकार आहे, मग बोलणारा कितीही प्रार्थनाशील असो. कोणाविषयी खरोखर काही जाणवले असेल तर आधी त्याच्यासाठी गुपचूप प्रार्थना करावी. सांगणे आवश्यकच असेल तर ‘मला असे वाटते, तुम्ही स्वतः प्रार्थनेत पाहा’ इतकेच म्हणावे. आणि पाळक किंवा धर्मगुरूने पैशाची रक्कम देवाच्या तोंडी घातली, तर ऐकणाऱ्याने ती रक्कम देऊ नये.

तसेच, कोणाला सतत कानाने आवाज ऐकू येत असतील, झोप उडाली असेल, ते आवाज स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला सांगत असतील, तर त्याला उपवास-प्रार्थनेला बसवून ठेवू नका. त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाकडे न्या. औषध घेणे विश्वासाच्या आड येत नाही. त्याच्याबरोबर मंडळीतल्या कोणी दवाखान्यात बसून राहावे, तीही सेवाच आहे.

शेवटी पाळकांना आणि धर्मगुरूंना एक विनंती. हे सगळे एकट्याने घरी शिकणे कठीण जाते, म्हणून रविवारच्या उपासनेत शास्त्रवाचनानंतर एक मिनिट शांतता ठेवा. मात्र ती अशी: वाचनाआधीच ‘वाचनानंतर एक मिनिट आपण गप्प बसू, जो शब्द मनात राहील तो धरून ठेवा’ असे सांगावे. वादकांनी हात खाली ठेवावेत. घड्याळ पाहून पूर्ण साठ सेकंद मोजावेत, कारण पुढे उभ्या असलेल्या माणसाला वीस सेकंदच खूप वाटतात आणि तो बोलू लागतो. सुरुवातीला लोक खोकतील, पाने चाळतील, काही जण काही विसरले की काय म्हणून पुढे पाहतील, लहान मुले बोलतील. मुलांना गप्प करू नका. दोन-तीन महिन्यांनी मिनिट सरावाचे झाले की त्याचे दोन करावेत, त्याआधी नको.

आपले नम्र,
प्रार्थनावर्ग घेणारे काही कार्यकर्ते